घोडा सोमवारी जाणार होता

शिट्टी वाजली आणि तीनशे सायकली एकदम खडीवर सुटल्या. चर्रर्र असा जो आवाज उठला ना, तो मला आजही हवा तेव्हा ऐकता येतो. कुणीतरी "चलाऽऽ" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडलं. ती मीच होते. वय सत्तेचाळीस, नोकरी दातांच्या दवाखान्यात, आणि सकाळी सात वाजता उत्साह हा असा उतू चाललेला.

एकशे दहा किलोमीटरची फेरी होती. पहिले साठ नदीच्या सपाटीतून, पूर अडवायच्या बांधावरच्या कच्च्या वाटेनं. मग डोंगर, त्यांच्यावर द्राक्षांचे मळे, पांढरी खडी, छाती फुटेल असे चढ आणि डोळ्यांत पाणी आणणारे उतार. डांबर औषधालासुद्धा नाही. वाटेत दोन थांबे होते आणि ठरलेल्या वेळेला तिथे दोरी आडवी पडणार होती. त्याआधी पोचलात तर पुढे, नाहीतर मुकाट्यानं गाडीत बसून घरी. बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची तर ती थांब्यावरच घ्यायची, असा नियम होता.

मला दोरीची भीती नव्हती. माझा जीव अडकला होता चाकांत. ती माझ्या दादानं बांधली होती.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं सायकलचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर आणि मधल्या जिन्यात टांगलेले टायर. पंक्चर काढणारे छप्पन मिळतील, पण दादाची खासियत चाक. एक हब, एक रिम आणि बत्तीस स्पोक घेऊन बसायचा आणि दोन तासांत असं चाक हातात द्यायचा, की जोरात फिरवलं तरी फिरतंय की उभं आहे ते कळू नये. चाक ज्यात अडकवून सरळ करतात, त्या लोखंडी स्टँडला आमच्या घरात 'घोडा' म्हणतात. का, ते आता कुणालाच आठवत नाही. दादा घोड्यात चाक लावायचा, एकेक स्पोक नखानं छेडायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. टण्. टण्. ठण्. "हा सैल," म्हणायचा आणि स्पोक आवळायची चावी पाव फेरा फिरवायचा. एकतीस वर्षं त्यानं असं कानांच्या जोरावर काम केलं. स्पोकचा ताण मोजायचं यंत्र मिळतं, पण ते त्यानं कधी दुकानाची पायरी चढू दिलं नाही.

मग कान गेले. एकदम नाही, हळूहळू, आणि त्यानं आम्हाला पत्ता लागू दिला नाही. न ऐकलेल्या प्रश्नाला तो हसून "बघू" म्हणायचा. अर्ध्या गल्लीची कामं त्या 'बघू'वर अडली होती. मग एका महिन्यात दोन चाकं परत आली, दोन्ही आउट, म्हणजे फिरवली की डावी-उजवीकडे डुलणारी. दादानं घोड्यावर जुनी चादर टाकली आणि खोक्यातून येणारी तयार चाकं विकायला लागला. वहिनीनं हाताला धरून डॉक्टरकडे नेलं, कानाचं यंत्र आणलं, ते खणात पडलं. "त्यातून सगळं पत्र्यासारखं वाजतं," म्हणे. पण 'मला ऐकू येत नाही' हे चार शब्द आठ महिन्यांत त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. मला ते बघवेना, आणि मला एखादी गोष्ट बघवेनाशी झाली की मी गप्प बसत नाही. एका रविवारी दुकानात गेले आणि ती चादर ओढून फेकली.

"फेरीसाठी मला चाकं बांधून दे."

"खोक्यातली घे. चांगली असतात."

"खोक्यातली नकोत. तुझी हवीत."

"बघू."

"बघू नाही! माझ्या तोंडाकडे बघ. कानानं जमत नसेल तर बोटांनी बांध. बोटं शाबूत आहेत ना?"

तो भडकला. मला बरं वाटलं, कारण आठ महिन्यांत तो धड चिडलासुद्धा नव्हता. "घोडा जाणार आहे," तो म्हणाला. "बाजारातल्या त्या चष्मेवाल्या सायकलवाल्याला शब्द दिलाय मी. फेरीची गडबड संपली की सोमवारी येऊन नेईल."

"मग ऐक. फेरीच्या शनिवारी तुझी चाकं एकशे दहा किलोमीटर सरळ राहिली, तर घोडा इथेच राहील. आउट झाली, तर मी स्वतः उचलून चष्मेवाल्याच्या गाडीत ठेवीन."

"कबूल," दादा म्हणाला. हे मात्र त्याला पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

दोन चाकांना त्याला अकरा दिवस लागले. बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. शेजारशेजारचे दोन स्पोक चिमटीत धरून दाबायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. शुक्रवारी चाकं माझ्या हातात देताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "जपून चालव." मी सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "डोळे झाकून विश्वास आहे माझा!" हे वाक्य मला पुढे फार जड गेलं.

तर आता बांधावर मी अशी सुटले होते की विचारू नका. उजव्या हाताला नदी, रुंद आणि आळशी. डाव्या हाताला ओली शेतं, त्यांत उंच पायांचे पांढरे पक्षी. आम्ही जवळ आलो की ते नाइलाजानं दोन पावलं बाजूला व्हायचे. वारा पाठीशी होता. बारीक खडी टायरखालून उडून फ्रेमवर टकटक वाजत होती. पंधरा जणांच्या एका घोळक्यात मी घुसले आणि त्यांच्या आडोशानं वीस किलोमीटर कधी गेले ते कळलंच नाही. माझ्या निम्म्या वयाचा एक पठ्ठ्या मला म्हणाला, "काकू, जरा दमानं!" मी त्याला मागे टाकलं. मुद्दाम टाकलं, खोटं कशाला बोलू? आणि चाकं? पाण्यासारखी चालली होती. मी सारखी वाकून बघत होते. पुढचं सरळ. मागचं सरळ.

पहिला थांबा लोखंडी पुलापाशी. वहिनीची लाँड्रीची व्हॅन तिथे उभी होती. वहिनी माझ्या शाळेतलीच, एका बाकावरची, त्यामुळे आमच्यात मानपान नाही. ती डबा घेऊन माझ्याकडे धावली, आणि दादा धावला थेट माझ्या सायकलकडे. खाली बसला, मागचं चाक उचललं, फिरवलं, स्पोक चिमटीत दाबत गेला. मी कशी आहे, जिवंत आहे का, काही विचारणं नाही.

"मी पण आलेय हं," मी म्हणाले.

"तुझा आउट कोण बघतंय?" वहिनी म्हणाली आणि माझ्या तोंडात मीठ लावलेला उकडलेला बटाटा कोंबला.

दादानं मान वर केली. "सरळ आहे," तो म्हणाला, जणू दुसऱ्या कुणाचं चाक असावं. पण उठताना त्यानं रिमवर दोनदा थाप मारली. ती मी पाहिली आणि पूल ओलांडताना एकटीच हसत सुटले.

पुलापलीकडे डोंगर सुरू झाले. खालपासून वरपर्यंत वेलींच्या रांगा, दगडी खांब, खांबांना ताणलेल्या तारा. माणसं वेली तारांना बांधत होती, कमरेला बारीक तारेच्या गुंड्या, हातात पकड. बांधायचं, पिळायचं, कट्. उरलेला तुकडा खाली. आम्हाला बघून एक बाई पकड हवेत नाचवत ओरडली, "अजून वर आहे! खूप वर आहे!" धीर द्यायची ही कुठली पद्धत? पण तिचं खरं होतं. पाय पेटले. मी सगळ्यात लहान गिअरवर आले आणि मनातल्या मनात सगळ्या पेशंटांचे दात मोजत वर गेले. माथ्यावर पोचले तेव्हा मागे वळून पाहिलं. सगळी सपाटी खाली पसरली होती, नदी तिच्यातून वाकडीतिकडी गेली होती, आणि ती सगळी मी पायांनी कापून आले होते. मला रडू आलं. आनंदाचंच, पण आलं.

आणि मग उतार! सहा किलोमीटर, पांढऱ्या खडीचा, दोन्हीकडे वेली. मी ब्रेक सोडले. वळणावर मागचं चाक जरा सरकायचं, पकडायचं, पुन्हा सरकायचं. दादा, बघ तुझी चाकं! मी खरंच ओरडले तसं. दोन सायकलस्वार मागे वळून पाहायला लागले.

तेवढ्यात टिंग.

मग पुन्हा टिंग. टिंग, टिंग, टिंग, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. मागून.

थांबले, सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं. डोळ्यांना सरळ दिसत होतं. पण आवाज होता. स्पोक सैल झाला, दुसरं काय! आता एक सैल, मग दुसरा, मग सगळं चाक वळवळत थांब्यावर जाणार आणि दादा ते बघणार. नाही, दादाला हे दिसता कामा नये. माझ्या पिशवीत स्पोकची चावी होती. सायकलवाल्याच्या घरात वाढलेय, चावी कशी नसेल?

मी दादा करायचा तसं केलं. नखानं स्पोक छेडले, मान तिरकी केली. साखळीच्या बाजूचे, टण्, टण्. डिस्क ब्रेकच्या बाजूचा, ठण्. सापडला! त्याच्या शेजारचाही ठण्. त्याच्या पलीकडचाही. बापरे, किती सैल झालेत! पहिल्याला पूर्ण एक फेरा दिला. दुसऱ्याला दिला. तिसऱ्याला दिला. चौथ्याला चावी लावतेय तोच मघाचा पठ्ठ्या बाजूनं सुसाट गेला. "काकू, दोरी साडेतीनला पडते!" मी घड्याळ बघितलं, चावी खिशात कोंबली आणि निघाले.

आमच्या डॉक्टरीणबाई दिवसातून दहा वेळा सांगतात, की कुठे दुखतंय ते कळल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. नऊ वर्षं मी हे ऐकतेय आणि माना डोलावतेय.

टिंग टिंग चालूच राहिलं. वर आता आणखी एक आवाज आला, खस्स, खस्स. मी वाकून पाहिलं. मागचं चाक डुलत होतं. टायर प्रत्येक फेऱ्याला फ्रेमला घासत होता. जे झालेलं नव्हतं, ते मी माझ्या हातानं करून ठेवलं होतं. पण तेव्हा मला एवढंच वाटलं, की संपलं. चाक गेलं, घोडा गेला, दादा गेला. तेरा किलोमीटर मी ते घासणारं चाक ओढलं आणि दादाला नाही, देवाला नाही, त्या चाकालाच शिव्या घातल्या.

शेवटच्या थांब्यावर पोचले तेव्हा तीन अठरा झाले होते. दोरीपाशी सकाळची ती शिट्टीवाली बाई घड्याळ हातात घेऊनच उभी होती. दादा धावत आला, खाली बसला, चाक उचललं, फिरवलं.

चाक डुललं. लहान मुलालाही दिसेल असं.

दादाच्या चेहऱ्यावरचं काही मला सांगता येणार नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "झालं," एवढंच तो म्हणाला. "म्हटलं होतं मी." उठला आणि व्हॅनकडे चालायला लागला.

"दादा," मी म्हणाले. "मी चावी लावली रे."

पाठ माझ्याकडे होती. त्याला काय ऐकू जाणार? वहिनीनं मात्र ऐकलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला तिथल्या तिथे खड्डा खणून आत बसावंसं वाटलं.

चार पावलं जाऊन दादा थांबला. तो कारागीर आहे. चाक मोडलं तर मोडलं, पण कुठे मोडलं हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. परत आला, मांडी घालून खडीत बसला, डोळे मिटले आणि बोटं चाकावरून फिरवायला लागला. एक जोडी, दुसरी जोडी, तिसरी. कपाळावर आठी आली. मागे गेला, पुन्हा तीच जोडी दाबली.

"हा," तो म्हणाला. "हा. आणि हा."

डोळे उघडून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"हे तीन माझे नाहीत."

मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, म्हणजे त्याला माझं तोंड दिसावं. "मी आवळले," मी म्हणाले. "आवाज येत होता. मला वाटलं सैल झाले. तुझ्यासारखं छेडून बघितलं, या बाजूचे ठण् वाजले."

"या बाजूचे ठण्च वाजतात!" तो इतक्या जोरात ओरडला की शिट्टीवाली बाई दचकली. "मागच्या चाकाच्या दोन बाजू कधी सारख्या वाजतात का? साखळीकडचे ताठ, इकडचे सैल, बेचाळीस वर्षं माझ्या दुकानात— माझ्या घरात राहिलीस आणि एवढं कळलं नाही?" बेचाळीसचा हिशोब त्यानं कुठून काढला देव जाणे, पण विचारायची ती वेळ नव्हती.

बोलता बोलता त्याचा हात डिस्कच्या मागे गेला आणि काहीतरी उपसून बाहेर आला. बोटभर तार. मळ्यातली, वेली बांधायची. पिळ्यासकट स्पोकभोवती बसली होती आणि तिचं टोक फेऱ्यागणिक फ्रेमवर आपटत होतं.

"हा तुझा आवाज," दादा म्हणाला.

तार बघत बसले. कान माझे चांगले होते, आणि त्यांनीच घात केला होता.

"डोळे झाकून विश्वास होता ना तुझा?" त्यानं हळू विचारलं.

"नव्हता," मी म्हणाले. "टिंग झालं आणि गेला."

त्यानं अंगठ्यानं रिमवरची धूळ पुसली. "माझाही नव्हता," तो म्हणाला. "आत्ता आला."

मग हात पुढे केला. "चावी."

मी चावी दिली. तीन पंचवीस. त्यानं तिन्ही स्पोक एकेक फेरा सोडले, बोटानं चाचपले, पाव फेरा इकडे, जरासा तिकडे. आजूबाजूला माणसं जमली होती. कुणी काही म्हणालं तरी त्याला ऐकू येत नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, बरंच आहे. चाक फिरवलं. अजून किंचित. पुन्हा पाव फेरा. पुन्हा फिरवलं.

चाक उभं आहे की फिरतंय, कळेना.

"एक मिनिट!" शिट्टीवाली ओरडली. तिनं दोरी उचलली होती.

"पळ!" दादा त्याहून मोठ्यानं ओरडला, आणि माझ्या सायकलला असं ढकललं त्यानं, की पहिले वीस मीटर मला पायडल मारावंच लागलं नाही. मागे दोरी पडल्याचं मी बघितलंही नाही.

शेवटचे पंधरा किलोमीटर मी कशी गेले ते मला विचारू नका, मी नीट सांगणार नाही, नुसती हातवारे करीन. खाली नदीकाठची सपाट वाट, समोर ऊन, खाली खडीची चरचर, आणि मागचं चाक गप्प. इतकं गप्प, की मी मधेच हँडल सोडून दोन्ही हात वर केले. पठ्ठ्या रस्त्यात पंक्चर काढत बसला होता. त्याला मी माझी जादा ट्यूब फेकली आणि म्हणाले, "जरा दमानं!" पाचला वीस मिनिटं कमी असताना मी कमानीखालून गेले. ओरडत.

दादा तिथे आधीच होता. सायकल माझ्या हातातून काढून घेतली, मागचं चाक उचललं, फिरवलं, बोट रिमजवळ धरलं. पूर्ण थांबेपर्यंत बोटाला कुठेही लागलं नाही. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि मैदानाच्या मधोमध उभं राहून बोलायला लागला, त्याच्या हल्लीच्या आवाजात, म्हणजे पार नदीपर्यंत जाईल अशा.

"चष्मेवाले? हां, सोमवारी येऊ नका. घोडा नाही देत. नाही देत! काय? अहो मोठ्यानं बोला जरा, मला ऐकू येत नाही!"

वहिनीचा हात डब्यातच राहिला. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. दादाच्या लक्षातही आलं नाही आपण काय बोलून गेलो ते. त्यानं फोन ठेवला, चाकावर थाप मारली आणि मग कुठे त्याला बहीण दिसली.

"तू कशी आहेस?" त्यानं विचारलं.

"जिवंत आहे," मी म्हणाले. "माझी चावी दे."

त्यानं चावी वर धरून बघितली, स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि वरचं बटण लावलं.

"काय म्हणालीस?" तो गालात हसत म्हणाला. "आत्ताच सांगितलं ना, मला ऐकू येत नाही."

चावी अजून त्याच्याच खिशात आहे.